लेव्हीची ज्वारी : महायुद्धाच्या काळातील मराठवाड्याचे खेडे

मराठवाड्यातल्या नव्वदीच्या माणसाशी जुन्या गोष्टी बोलायला बसलात, तर त्याच्या तोंडी 'लेव्ही', 'कंट्रोल', 'परमिट' आणि 'ब्लॅक' हे चार शब्द हमखास येतील. शाळेची पायरी न चढलेली म्हातारीही ते बिनचूक वापरते. स्वस्त धान्याच्या दुकानाला आमच्याकडच्या खेड्यांत आजही 'कंट्रोल' म्हणतात. हे शब्द पुस्तकांतून आले नाहीत. १९३९ ते १९४५ या सहा वर्षांनी ते खेड्याच्या वेशीत आणून सोडले. त्या पिढीला 'दुसरे महायुद्ध' म्हटले तर क्षणभर विचार करावा लागतो, 'लढाई' म्हटले की लगेच उमगते. लढाई म्हणजे ज्या वर्षांत रॉकेल मिळत नव्हते, धोतरजोडीला चिठ्ठी लागायची आणि खळ्यावर सरकारी माणूस मापाला उभा राहायचा, ती वर्षे.

वाचकहो, हैदराबाद संस्थानाच्या मुक्तिलढ्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या लेखनात एक उडी असते. १९३७ ची परतूरची महाराष्ट्र परिषद आणि १९३८ चा सत्याग्रह इथपर्यंत हकिकत तपशिलाने येते, आणि मग एकदम १९४७ उजाडते. मधल्या नऊ वर्षांत खेड्यातला शेतकरी काय करीत होता, काय खात होता, कोणावर चिडला होता, याचा पत्ता लागत नाही. ज्या माणसाने १९३८ मध्ये सत्याग्रहींच्या टोळीकडे दुरून पाहिले, तोच १९४७ मध्ये सरकारी दप्तरावर चालून गेला. मधे काहीतरी घडले असले पाहिजे. माझ्या मते मधे ज्वारी घडली.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही, होमिओपॅथीचा डॉक्टर आहे. आमच्या शास्त्रात रोग्याची हकिकत लांबलचक घ्यावी लागते. आजच्या तापाबद्दल विचारताना लहानपणचा हिवताप, घरातले खाणेपिणे, उपासमार, भीती, सारेच विचारावे लागते. या शहरात दवाखाना काढला त्या सुरुवातीच्या वर्षांत मराठवाड्यातून मुलाकडे किंवा लेकीकडे राहायला आलेली बरीच वृद्ध मंडळी माझ्याकडे येत. पूर्वेतिहास विचारला की बोलणे हटकून 'लढाईच्या वेळी' इथे जाऊन पोचे. त्यात आमच्या घरची भर. आम्ही सैतवाळ जैन; उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यात आजोबांचे किराणा-भुसाराचे दुकान होते. त्यामुळे काट्याच्या दोन्ही बाजूंच्या हकिकती माझ्या कानावर आल्या आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. संस्थानात त्या वेळी सोळा जिल्हे होते. त्यांपैकी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी. कारभाराची भाषा उर्दू, वर्ष फसली, रुपया हाली. खेड्यात सरकार म्हणजे पाटील आणि पटवारी. त्यांच्यावर तहसीलदार, जिल्ह्याला तालुकदार. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके, म्हणजे संस्थानाची जकात. पलीकडे ब्रिटिश हद्द आणि तिथला 'कलदार' रुपया. परांडा, उस्मानाबाद, तुळजापूर या तालुक्यांतल्या माणसाला बार्शीचा बाजार जवळचा, पण तिथे जायचे तर राज्य ओलांडावे लागे. लातूरहून बार्शीकडे जाणारी छोटी रेल्वेही ही हद्द ओलांडूनच जाई. ही सरहद्द पुढे महत्त्वाची ठरते.

निजामाचे युद्ध मोठ्या डौलाचे होते. पहिल्या महायुद्धातील मदतीबद्दल मिळालेली 'ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त' ही पदवी मीर उस्मान अली खान यांना प्रिय होती. दुसऱ्या युद्धात ब्रिटिश वायुदलाच्या १५२ आणि २५३ क्रमांकांच्या तुकड्यांना हैदराबादचे नाव लागले. पैकी १५२ व्या तुकडीचे ब्रीद 'विश्वासू दोस्त' हेच होते आणि १९४० मध्ये तिची विमाने इंग्लंडच्या आकाशात जर्मनांशी लढत होती. ऑस्ट्रेलियाच्या नौदलात 'निजाम' नावाची विनाशिका १९४१ पासून होती. पण या नावांच्या मागे मराठवाड्याचा माणूस शोधू नका. '१९ वी हैदराबाद रेजिमेंट' म्हटले की आपल्याला वाटते आपलीच माणसे. प्रत्यक्षात तिच्यात कुमाऊंनी, जाट आणि अहीर जवान भरलेले असत आणि १९४५ मध्ये तिचे नाव बदलून कुमाऊं रेजिमेंट झाले. संस्थानाच्या स्वतःच्या फौजेतली एक पलटण डिसेंबर १९४१ मध्ये मलायात कोटाभारूच्या विमानतळावर पहाऱ्याला होती आणि जपान्यांचा पहिला तडाखा तिथेच बसला. तरी साताऱ्याच्या किंवा कोकणच्या गावांत जसे घराघरांतून कोणी ना कोणी मराठा पलटणीत होते, तसे आमच्याकडे नव्हते. तिकडे युद्ध मनिऑर्डरीने आले आणि कधी तारेने. आमच्याकडे ते आले मापट्याने.

पण मापाआधी टंचाई आली. तिची तारीखच सांगता येते. ८ मार्च १९४२ रोजी जपान्यांनी रंगून घेतले आणि त्याच आठवड्यात जावा बेटावरील डच फौजांनी शरणागती पत्करली. लातूरच्या किंवा सेलूच्या शेतकऱ्याने ही नावे ऐकली असतील-नसतील, पण त्या एका आठवड्याने त्याच्या घरातल्या तीन वस्तू नेल्या. ब्रह्मदेशातून हिंदुस्थानात वर्षाला दहा लाख टनांहून अधिक तांदूळ येत असे, तो थांबला. तिकडचेच रॉकेल येत असे, ते थांबले. आणि जगातल्या क्विनीनपैकी बहुतेक सगळे ज्या जावातून येई, ते जावा गेले.

तांदळाचा फटका ज्वारी खाणाऱ्या मराठवाड्याला थेट बसला नाही. पण तांदूळ कमी पडला की शहरे आणि छावण्या ज्वारीकडे वळतात, आणि ज्वारी आमच्याकडे होती. रॉकेलचा फटका मात्र त्याच संध्याकाळपासून. कंदील खुंटीला टांगून करडीच्या नाहीतर एरंडीच्या तेलाच्या पणत्या पुन्हा कोनाड्यात आल्या. आमच्या आजी मिस्किलपणे म्हणत की रॉकेल गेल्याने सगळा गाव जैन झाला, सूर्य मावळायच्या आत जेवू लागला! आमच्या घरी ती रीत आधीपासूनच असल्याने चूल कधी अडली नाही. अडली ती दुकानाची जमाखर्चाची वही, कारण दिवसाचा रोजमेळ रात्रीच लिहिला जाई.

क्विनीनबद्दल थोडे अधिक लिहिण्याचा मोह मला आवरत नाही. हिवतापाचा परजीवी डासाच्या पोटात आहे हे रोनाल्ड रॉस यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये शोधले ते याच शहरात, सिकंदराबादेत. आणि आमच्या होमिओपॅथीचा जन्मही त्याच औषधाशी बांधलेला आहे. १७९० मध्ये हानेमान यांनी सिंकोनाच्या सालीचा काढा स्वतः घेऊन पाहिला, तिथून आमच्या शास्त्राची सुरुवात झाली. असे असूनही हे सांगितले पाहिजे की गोदाकाठच्या त्या गावांना त्या वर्षी हवी होती ती साधी क्विनीनची गोळी. दार्जिलिंग आणि निलगिरीतील आपल्या मळ्यांचे उत्पादन गरजेच्या मानाने फार थोडे, आणि त्यावर पहिला हक्क सैन्याचा. माझ्याकडे येणाऱ्या वृद्धांत प्लीहा वाढल्याच्या, आश्विन-कार्तिकात घरातली सगळी माणसे एकदम अंथरुणाला खिळल्याच्या हकिकती वारंवार येत. खरिपाची काढणी आणि रब्बीची पेरणी नेमकी त्याच महिन्यांत. ज्या घरात दोन हात थंडीने कुडकुडत पडले, त्या घराची पेरणी लांबली. लढाईत मेलेल्यांच्या यादीत ही माणसे कोणी धरली नाहीत.

कापसाची गोष्ट याच्याही आधीची. आखूड धाग्याच्या हिंदी कापसाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक जपान होते. डिसेंबर १९४१ मध्ये तेच शत्रू झाले आणि तो बाजार एका रात्रीत बंद पडला. परभणी-नांदेडकडची गावरानी चांगली म्हणून तिला गिऱ्हाईक उरले, पण आखूड धाग्यावर जगणाऱ्याने काय करावे? पुढे 'अधिक धान्य पिकवा'ची मोहीम आली आणि कापसाच्या रानात ज्वारी पडली. म्हणजे नगदी पैसा देणारे पीक गेले आणि त्याच्या जागी आलेल्या पिकावर सरकारची नजर बसली.

बाकीच्या वस्तूंची यादी करीत बसत नाही. वखराची पास, नांगराचा फाळ, बैलगाडीच्या चाकाची धाव, सगळे लोखंड महागले. मोटेचे कातडे महागले, कारण सैनिकांना बूट हवे होते. नांदेडला उस्मानशाही मिल असून लुगड्याला चिठ्ठी, बोधनला निजाम शुगर फॅक्टरी असून लग्नाच्या साखरेला परमिट. मोटारी कोळशाच्या वायूवर चालू लागल्या आणि चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचे. कलदार रुपयातली चांदी १९४० मध्ये निम्म्यावर आली तेव्हा जुने रुपये गाडग्यात घालून जमिनीत गेले. तांबे वाचवण्यासाठी भोकाची नाणी निघाली. ती दोऱ्यात ओवून मुलांच्या गळ्यात घालायला बरी, एवढाच त्यांचा मान.

आता लेव्ही.

१९४३ पासून संस्थानात धान्याची सक्तीची वसुली सुरू झाली. कल्पना सोपी होती. प्रत्येक शेतकऱ्याने पिकातला ठरावीक भाग सरकारी दराने सरकारला घालायचा. त्यातून शहरांचे रेशन आणि तुटीच्या भागांची गरज भागवायची. खरेदीसाठी हैदराबाद कमर्शियल कॉर्पोरेशन नावाची संस्था उभी केली. कागदावर यात चूक काढता येत नाही. शेजारच्या विजापूर जिल्ह्यात १९४२-४३ मध्ये दुष्काळ पडला होता. बंगालमध्ये १९४३ साली काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. सरकारी चौकशी समितीनेच पंधरा लाख मृत्यू धरले, नंतरचे अभ्यासक तीस लाखांपर्यंत जातात. तिथे धान्य ज्याच्या हाती होते त्याच्याकडून ते वेळेवर काढून घेऊन भुकेल्याला दिले गेले नाही, हेही एक मोठे कारण होते. म्हणून लेव्ही म्हणजे नुसता जुलूम, असे जे सरसकट लिहिले जाते ते मला पटत नाही. धान्य वसूल करणे भागच होते. प्रश्न होता माप कोणाच्या हातात आहे हा.

माप पटवाऱ्याच्या हातात होते. कोणाच्या रानात किती पीक उभे आहे, हे पटवाऱ्याच्या पाहणीवरून ठरे. त्याच्या कागदात जे उतरले तेच पीक. शेतात काय पिकले याला नंतर किंमत नाही. बड्या बागाईतदाराचे रान कागदावर पडीक दिसू शकत होते आणि चार एकरवाल्याच्या मुरमाड तुकड्यावर भरघोस ज्वारी. वर अर्ज करावा, तर तहसिलीचा कारभार उर्दूत. अर्ज लिहून देणाराही बहुधा त्याच पटवाऱ्याचा स्नेही. सरकारी दर आणि बाजारभाव यांत जे अंतर होते, त्याचा अर्थ असा की ज्याची ज्वारी लेव्हीत गेली तो गरीब झाला आणि ज्याची वाचली तो श्रीमंत. पाहणीच्या एका ओळीला इतकी किंमत आली की ती ओळ विकाऊ झाली नसती तरच नवल. ज्याच्याकडे वर्षभराच्या भाकरीपुरतेच पिकले, त्याला लेव्ही पुरी करण्यासाठी काळ्या बाजारातून चढ्या भावाने ज्वारी विकत घेऊन ती सरकारला स्वस्तात घालावी लागली, अशा हकिकती मी वेगवेगळ्या तालुक्यांतल्या माणसांकडून ऐकल्या आहेत. असा व्यवहार कोणत्या शास्त्रात बसतो?

या सगळ्यात खळ्याचे महत्त्व शहरातल्या वाचकाला सांगितले पाहिजे. खळे म्हणजे केवळ मळणीची जागा नाही. तिवड्याभोवती बैल फिरले, उपणणी झाली, रास पडली की तिची पूजा होई, आणि मग त्या राशीतून गाव आपापला वाटा उचले. सुतार, लोहार, न्हावी, कुंभार, महार, मांग यांची बलुती तिथेच मापली जात. सालगड्याचे धान्य तिथून, काढणीवाल्या बायकांची मजुरी तिथून. पैशाची किंमत घसरत असताना धान्यात मजुरी मिळणे हेच गरिबाचे संरक्षण होते. लेव्हीचा माणूस खळ्यावर आला तो या सगळ्यांच्या आधी रांगेत उभा राहिला. शेतकऱ्याने मग बलुतेदाराला 'पुढच्या वर्षी बघू' म्हटले, मजुराच्या हातावर हाली नाणी ठेवली, आणि ती नाणी घेऊन तो आजोबांसारख्यांच्या दुकानात आला तेव्हा त्या नाण्यांत पूर्वीच्या निम्मीही ज्वारी येईना. लेव्ही खातेदाराकडून घेतली गेली. पोटाला चिमटा बसला तो ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याच्या. त्याचे नाव कोणत्याही पाहणीपत्रकात नव्हते. त्याच्या घरी अंबाडी आणि तरवट्याची भाजी, कण्या, आणि भाकरीऐवजी पातळ अंबील.

ज्याला शक्य त्याने ज्वारी लपवली. मराठवाड्यात त्यासाठी पेव होते. पांढरीच्या जमिनीत खोल खणलेला, आतून शेणामातीने लिंपलेला, वर निमुळत्या तोंडाचा खड्डा. तोंड बुजवून वर माती सारखी केली की अंगण होते तसे. पेवाची एक भीती जाणत्यांना ठाऊक असते. आत धान्य श्वास घेत असते. हवेतला प्राणवायू संपून कोंदट वायू साठतो. म्हणून पेव उघडले की काही काळ तसेच ठेवायचे आणि आधी दोरीला दिवा बांधून आत सोडायचा; दिवा विझला तर माणसाने उतरायचे नाही. लपवलेले पेव रात्री, घाईघाईने आणि दिवा न लावता उघडावे लागते. डॉक्टर म्हणून माझ्या अंगावर काटा येतो तो याच तपशिलाने. पेवात फार दिवस राहिलेल्या ज्वारीला एक आंबूस वास येतो आणि बाजारात तो लपत नाही, त्यामुळे अशी ज्वारी विकणारा कोण आणि घेणारा कोण हे गावात सर्वांना माहीत असे.

पेवाबाहेरची वाट सरहद्दीकडे. बैलगाडीत खाली ज्वारी, वर कडबा, आणि रात्रीतून बार्शीकडे. करोडगिरीच्या नाक्यावर शिपायाचा हात ओला केला की गाडी पुढे. पलीकडे भाव अधिक आणि रुपया कलदार. या धंद्यात शेतकरी थोडा आणि मधला माणूस जास्त कमावून गेला. तो मधला माणूस पुष्कळदा वाणी-उदमी, आमच्याच व्यवसायातला. आमच्या मंदिरांत अपरिग्रहाचे व्रत दरवर्षी सांगितले जाते, आणि त्याच गावांत त्याच वर्षांत भरलेली कोठारे भाव चढण्याची वाट पाहत उभी होती. सगळेच तसे नव्हते. पण दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या आहेत आणि त्या शेजारी शेजारीच लिहिल्या पाहिजेत. दुकानदाराचीही एक बाजू होती हे खरे. कंट्रोलचा माल वेळेवर येत नसे, आला तर कमी येई, आणि रांगेतली शिवी त्यालाच खावी लागे. तरी रांगेतल्या माणसापेक्षा त्याचे पोट भरलेले होते.

इकडे हैदराबाद आणि सिकंदराबादेत रेशनकार्डावर धान्य मिळू लागले आणि शहर बऱ्यापैकी तगले. ज्या खेड्याने ते धान्य पिकवले त्याला कार्ड नव्हते. शहर-खेड्याचा हा हिशेब आपल्या शहरात बसून वाचताना थोडा अवघडल्यासारखा वाटतो, पण तो तसाच आहे.

लेव्हीवरचा राग तेलंगणात वेगळ्या वाटेने गेला. तिकडे देशमुखांच्या हजारो एकरांच्या जमिनी, वेठबिगार, आणि लेव्हीतून नेमके तेच देशमुख सुटलेले. आंध्र महासभेने लेव्हीविरुद्ध गावे संघटित केली, आणि ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडी गावात देशमुखाच्या माणसांच्या गोळीने दोड्डी कोमरय्या पडले. तिथून सशस्त्र उठावाची वाट सुरू झाली. मराठवाड्यात जमिनी तुलनेने लहान खातेदारांच्या, आणि संतापलेल्याला पळून जायला ब्रिटिश हद्द जवळ. त्यामुळे राग साचला, पण पेटला नाही. मात्र तो विझलाही नव्हता. १९४५ मध्ये लढाई संपली, लेव्ही संपली नाही. ज्या कारणासाठी ती आली असे सांगितले होते ते कारण गेले आणि माप तसेच खळ्यावर उभे राहिले, तेव्हा खेड्याचा उरलासुरला विश्वासही गेला.

७ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने लढा पुकारला. त्याच्या कार्यक्रमात झेंडा होता, शिंदीची झाडे तोडणे होते, जंगल सत्याग्रह होता, करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले होते आणि लेव्ही न देणे होते. 'जबाबदार राज्यपद्धती' हा शब्द खेड्याला समजावून सांगावा लागे, लेव्ही समजावून सांगावी लागत नव्हती. सरहद्दीवरच्या छावण्यांत जी तरुण मुले जमली, त्यांपैकी कित्येकांना नाक्यांच्या आडवाटा आधीच पाठ होत्या. ज्वारीच्या गाड्यांबरोबर ती त्याच वाटांनी गेली होती. आणि गावोगाव पटवाऱ्याची दप्तरे जाळली गेली ती कोणी वरून सांगितले म्हणून इतक्या उत्साहाने जळाली असे मला वाटत नाही. त्या बस्त्यांतच पाहणीची पत्रके होती.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान गेले. धान्यावरची नियंत्रणे देशभर पूर्णपणे उठायला मात्र १९५४ साल उजाडले, म्हणजे खळ्यावरचे माप स्वतंत्र भारतातही काही वर्षे टिकले. जळालेल्या दप्तरांबरोबर कोणाची किती ज्वारी गेली याचा गावपातळीवरचा पुरावाही गेला. वरचे कागद तारनाक्याच्या अभिलेखागारात आहेत, उर्दूत. खालचे जे काही उरले आहे ते दुकानदारांच्या मोडीतल्या वह्यांत. आमच्या घरी अशा तीन वह्या आहेत. लढाईच्या वर्षांच्या पानांवर शाई पातळ होत गेलेली दिसते, कारण शाईची पुडीही तेव्हा जपून वापरावी लागे, आणि ज्वारीच्या रकान्यात नावापुढे दर लिहिण्याच्या जागी बऱ्याच ठिकाणी नुसती आडवी रेघ ओढलेली आहे.